तिसऱ्या वर्गाचं तिकीट

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी समारंभात २६ जानेवारीला केलेलं भाषण. वेळेअभावी बोलताना गाळलेला थोडा भाग इथे पुन्हा घातला आहे.)



कमिटीने मला आधी दिलेला विषय होता 'ज्येष्ठ नागरिक आणि बँकेतल्या ठेवी'. मी हात जोडले. अडतीस वर्षं बँकेत काढली, निवृत्त होऊन पंधरा वर्षं होत आली, तरी लिफ्टमध्ये कोणी भेटलं की पहिला प्रश्न एफडीच्या व्याजाचाच असतो. म्हटलं, आज उत्सवाच्या दिवशी तरी मला त्यातून सोडा. सेक्रेटरी म्हणाले, "काका, तुम्हाला हवं त्यावर बोला, फक्त वीस मिनिटांत आटपा." म्हणून रेल्वे.

रेल्वेच का? तर आपण सगळे इथे डोंबिवलीत राहायला आलो ते रेल्वेच्या भरवशावर. बुकिंग केलं तेव्हाच्या माहितीपत्रकात 'स्टेशनपासून चालत सात मिनिटे' असं छापलेलं होतं. ती मिनिटं कोणाच्या पायांनी मोजली होती हे पंचवीस वर्षांत कळलेलं नाही. पण त्या सात मिनिटांसाठीच आपण घरं घेतली. कपाटाच्या खणात कुठेतरी रेल्वेचा जुना पास सापडणार नाही असं घर या इमारतीत नसेल.

मी बँकेचा माणूस. कुठलीही गोष्ट समोर आली की माझ्या मनात पहिले तीन प्रश्न येतात. पैसा कोणी घातला? जामीन कोण राहिला? आणि हप्ते कोणी भरले? रेल्वेची गोष्टही मी याच खतावणीतून सांगणार आहे. चुकलं तर सांभाळून घ्या.

१६ एप्रिल १८५३. शनिवार. दुपारी तीन वाजून पस्तीस मिनिटांनी बोरीबंदरहून ठाण्याला गाडी सुटली. चौदा डबे, चारशेच्या आसपास निमंत्रित पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि ओढायला साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. चौतीस किलोमीटरचा प्रवास. हे आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत आले, म्हणजे आपल्या या भागातून गाडी धावू लागली त्याला आता पावणेदोनशे वर्षं होतील.

आता पैसा. ती कंपनी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, आपली जुनी माणसं जिला जीआयपी म्हणायची. १८४९ साली ती रीतसर स्थापन झाली. मुंबईत नाना शंकरशेट, सर जमशेटजी जिजीभॉय या मंडळींनी तिच्यासाठी खूप खटपट केली होती, पण भागधारक मुख्यतः इंग्लंडमधले. आणि करार काय, तर कंपनीला नफा होवो न होवो, भागधारकाला त्याच्या पैशावर पाच टक्के मिळणार याची हमी सरकारची. जमीन फुकट. मुदत नव्व्याण्णव वर्षं. रेल्वेची कमाई पाच टक्क्यांना पुरली नाही तर उरलेले पैसे सरकारी तिजोरीतून. आणि सरकारी तिजोरीत पैसा कुठून येतो? मुख्यतः शेतसाऱ्यातून.

बँकेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, आज इथे दोघं-तिघं बसलेले दिसताहेत, तुम्ही सांगा. कर्जदार लंडनचा, जामीनदार सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी आणि जामीनदाराची सही घेतलेलीच नाही. असा प्रस्ताव आपल्याकडे आला असता तर आपण तो फाईलला तरी लावला असता का? व्याजाची हमी असली की खर्चाला आळा घालायची कोणाला गरज वाटत नाही. दर मैलाचा खर्च अंदाजाच्या फार पुढे गेला आणि तूट वर्षानुवर्षं या देशाच्या महसुलातून भरली गेली.

ही रेल्वे बांधली कशासाठी, तर कापसासाठी आणि फौजेसाठी. वऱ्हाड-खानदेशातला कापूस लवकर बंदरावर यावा, पलटणी लवकर हलवता याव्यात. लॉर्ड डलहौसीने १८५३ मध्ये जे मोठं टिपण लिहिलं त्यात हे हेतू स्पष्ट आहेत. प्रवासी हा हिशोबात दुय्यम होता. हिंदुस्थानातली माणसं गरीब, त्यात जातीपातीचे सोवळेओवळे, ती एका डब्यात कशी बसतील आणि पैसे मोजून कुठे जातील, अशी शंका तेव्हा जाणती माणसं उघड बोलून दाखवत होती.

माणसं बसली. नुसती बसली नाहीत, कोंबून बसली. काशीला निघाली, पंढरपूरला निघाली, लेकीच्या घरी निघाली, कामाच्या शोधात मुंबईला निघाली. थोड्याच वर्षांत चित्र असं झालं की दर शंभर प्रवाशांत नव्वदहून अधिक सगळ्यात खालच्या वर्गाचे. ज्याला हिशोबात धरला नव्हता, प्रवासी वाहतुकीचं उत्पन्न मुख्यतः त्याच्याच खिशातून येऊ लागलं. माझ्या आजच्या बोलण्यातली मुख्य नोंद ही आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. पहिल्या वर्गाला गाद्या होत्या, पण गादीचा खर्च लाकडी बाकावर बसलेल्यांच्या तिकिटांतून निघत होता.

आता थोडं घाटाबद्दल बोलतो, कारण आपल्यापैकी निम्म्या लोकांची मुलं पुण्याला आहेत आणि आपण महिन्या-दोन महिन्यांनी तो घाट चढतो. बोरघाटाचं काम १८५६ च्या जानेवारीत सुरू झालं आणि १८६३ च्या एप्रिलमध्ये तो मार्ग उघडला. मधल्या काळात खंडाळा ते पुणे गाडी सुरू झालेली होती, खाली घाटाच्या पायथ्यापर्यंतही गाडी येत होती, मधला डोंगर मात्र पालखी, तट्टू नाहीतर बैलगाडीने चढायचा. साधारण पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे, आणि सारं काम पहार, कुदळ आणि सुरुंगाच्या दारूवर. एका वेळी चाळीस हजारांवर माणसं तिथे राबत होती. खडक फोडताना, दोरावर लटकून सुरुंगाची भोकं पाडताना आणि पटकीच्या साथीत किती गेली, त्यांची नावं कुठल्या पाटीवर नाहीत.

एक नाव मात्र मला सांगायचं आहे. पहिल्या कंत्राटदाराने काम अर्ध्यात सोडल्यावर १८५९ मध्ये सॉलोमन ट्रेडवेल नावाचा इंग्रज कंत्राटदार आला आणि आल्यावर काही दिवसांतच आजाराने वारला. त्याची बायको ॲलिस. तिने बोटीचं परतीचं तिकीट काढलं नाही. कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवलं, दोन जाणते इंजिनिअर कामावर नेमले आणि घाट पुरा केला. १८५९ साली एका विधवा बाईने एवढ्या मोठ्या कंत्राटाची जबाबदारी पत्करावी, हे आपण आज महिला मंडळासमोर मुद्दाम सांगण्यासारखं आहे. पुढच्या वेळी बोगद्यात मोबाइलची रेंज गेली की चिडू नका. तेवढ्या वेळात त्या ॲलिसबाईंची आणि त्या बिननावाच्या चाळीस हजारांची आठवण काढा.

माझा स्वतःचा रेल्वेशी संबंध मात्र याहून बारक्या रुळांचा. मी बार्शीचा. जीआयपीचे रूळ बार्शीला आलेच नाहीत. ते वीसेक मैलांवरून, आजच्या कुर्डूवाडीवरून गेले. त्या स्टेशनचं नाव तेव्हा बार्शी रोड. 'रोड' लागलेलं स्टेशन म्हणजे गाव तिथून लांब आहे असं समजावं, हा रेल्वेचा जुना नियम. मग एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अडीच फुटी रुळांची छोटी रेल्वे सुरू केली. बार्शी लाईट रेल्वे. रूळ अरुंद, पण डबे आणि वाघिणी अशा हुशारीने बनवलेल्या की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये, म्हणजे हलके स्वस्त रूळ चालतील. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. एकीकडे कापूस, गूळ, शेंगा. दुसरीकडे विठोबा.

माझ्या आजीला आयुष्यात एकच गाडी माहीत होती. ती तिला 'लाईट' म्हणायची. आषाढीला लाईटमध्ये जागा मिळाली तर पांडुरंगाची कृपा, आणि नाही मिळाली तर पायी चालण्याचं पुण्य, असा तिचा दोन्हीकडून जमेचा हिशोब. मी शाळेत असताना कंपनी जाऊन सरकारी रेल्वे आली होती, १९५४ पासून, पण आजीच्या लेखी काही बदललं नाही. गाडी तीच, इंजिनाचा धूर तोच आणि गाडीपेक्षा सायकलवाला पुढे जायचा तेही तसंच.

त्या रुळांची पुढची हकिकत ऐकण्यासारखी आहे. या शतकाच्या सुरुवातीच्या दहा-बारा वर्षांत मिरज–कुर्डूवाडी–लातूर हा सगळा मार्ग टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाला. लाईट गेली म्हणून आम्ही बार्शीकर हळहळलो. मग २०१६ चा उन्हाळा आला. लातूरला प्यायला पाणी नाही. नळावर गर्दी झाली म्हणून जमावबंदी लावावी लागली होती, आठवत असेल. तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी भरलेली गाडी लातूरला गेली. पहिल्या फेरीला दहा टँकर, सुमारे पाच लाख लिटर. पुढे पन्नास टँकरांच्या गाड्या गेल्या. ती कुठल्या मार्गाने गेली? माझ्या आजीच्या लाईटच्या मार्गाने. रूळ रुंद केले नसते तर ते टँकर त्या वाटेने एक इंचही पुढे सरकले नसते. टीव्हीवर ती गाडी पाहिली तेव्हा माझी हळहळ त्या दिवसापुरती संपली.

परत तिसऱ्या वर्गाकडे येतो. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर एक लेख लिहिला. मुंबईहून मद्रासला ते मेलने गेले, तिकीट पडलं तेरा रुपये नऊ आणे. डब्यावर लिहिलेलं बावीस उतारू, आत त्याहून कितीतरी अधिक. घाण, गर्दी, आणि चहाच्या नावाखाली काहीतरी मळकट पाणी, सगळं त्यांनी लिहिलं. पण मला त्या लेखातला हिशोब आवडतो. पहिल्या वर्गाचं भाडं तिसऱ्याच्या पाचपटीहून जास्त आहे, मग तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला पहिल्याच्या सोयीचा पाचवा हिस्सा तरी मिळतो का, निदान दहावा? हा वकिलाचा प्रश्न वाटतो, पण खरं तर हा ऑडिटरचा प्रश्न आहे. डब्यात संडास असावा इतकी साधी गोष्ट खालच्या वर्गाला मिळायला पहिल्या गाडीनंतर अर्धशतकाहून जास्त वाट पाहावी लागली.

स्वातंत्र्यानंतर हे लगेच बदललं असं नाही. आपली लाडकी दख्खनची राणी १ जून १९३० ला सुरू झाली. पहिली पंचवीस वर्षं तिच्यात तिसरा वर्गच नव्हता, तो जोडला गेला १९५५ च्या जूनमध्ये. आणि 'तिसरा वर्ग' हे नाव कागदावरून गेलं १९७४ मध्ये.

मी त्याच्या एक वर्ष आधी, १९७३ साली, बँकेच्या मुलाखतीसाठी मुंबईला आलो. बार्शीहून लाईटने कुर्डूवाडी आणि तिथून रात्रीची गाडी. तिसऱ्या वर्गाचं तिकीट, पुठ्ठ्याचं, बोटभर. व्हीटीच्या फाटकावर ते द्यावं लागलं, नाहीतर आज खिशातून काढून दाखवलं असतं. लाकडी फळीवर रात्रभर बसून आलो, त्यामुळे मुलाखतीला पाठ ताठ होती. साहेबांना ती शिस्त वाटली असावी. नोकरी लागली.

पुढच्या वर्षी मे महिन्यात वीस दिवस रेल्वेचा देशव्यापी संप झाला. त्याबद्दल बोलायला लागलो तर सेक्रेटरी घंटा वाजवतील.

मग १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले मधू दंडवते. राजापूरचे खासदार, मुंबईत सिद्धार्थ कॉलेजमध्ये फिजिक्स शिकवलेले प्राध्यापक. या माणसाने काय केलं, तर दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर फोम बसवायला सुरुवात केली. दोन इंच. त्याच वर्षाच्या डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली, तिच्यात वरचा वर्गच नव्हता. दंडवते जेमतेम दोन-अडीच वर्षं मंत्री होते. त्यांच्यानंतर मोठमोठ्या नावांचे मंत्री झाले, मोठमोठ्या घोषणा झाल्या. पण रात्रीच्या प्रवासात पाठ टेकली की मला तो दोन इंच फोमच आठवतो. १९७९ मध्ये आईला घेऊन काशीला निघालो होतो. तिने बर्थ हाताने दाबून पाहिला, आणि हळूच मला म्हणाली, "अरे, चुकून पहिल्या वर्गात तर नाही ना बसलो आपण?"

याच दंडवत्यांमुळे आणि जॉर्ज फर्नांडिसांमुळे कोकण रेल्वे झाली. १९९० मध्ये एक अर्थमंत्री, दुसरे रेल्वेमंत्री, असा योग परत येणे नाही. इथे माझी खतावणी पुन्हा उघडतो, कारण हा १८४९ च्या कराराचा अगदी उलटा नमुना आहे. स्वतंत्र महामंडळ काढलं. भांडवलात केंद्राचे ५१ टक्के, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा बाँड काढून देशातल्याच बाजारातून उभा केला. एकूण खर्च साडेतीन हजार कोटींच्या घरात. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली सातशे चाळीस किलोमीटरचा मार्ग, नव्वदहून अधिक बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल आणि २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग खुला. आज बरोबर अठ्ठावीस वर्षं झाली. आपल्याकडचे मालवणी लोक गणपतीच्या गाडीचं बुकिंग मिळत नाही म्हणून दरवर्षी कुरकुरतात. रास्तच आहे. पण आधी गावी जायला लाल एसटीत रात्रभर काय हाल व्हायचे हे त्यांच्याच आई-वडिलांना विचारावं.

आता आजचं.

आजची रेल्वे म्हणजे अडुसष्ट हजार किलोमीटरहून अधिक मार्ग, सात हजारांवर स्टेशनं. करोनाच्या आधी रोज सव्वादोन कोटींच्या वर प्रवासी, त्यातले निम्म्याहून अधिक आपल्यासारखे लोकलवाले. रिझर्व्हेशनसाठी रात्री रांगेत चप्पल ठेवून नंबर लावण्याचे दिवस आपल्या मुलांना खोटे वाटतात. १९८६ च्या सुमारास दिल्लीत कॉम्प्युटर आला, मग इतर शहरांत. २००२ मध्ये इंटरनेटवर तिकीट मिळू लागलं. पहिल्या दिवसांत ते तिकीट कुरिअरने घरी यायचं, त्याची गंमत वाटायची. आता नातू जेवता जेवता काढतो.

वंदे भारत २०१९ च्या फेब्रुवारीत दिल्ली–वाराणसी मार्गावर पहिल्यांदा धावली. चेन्नईच्या कारखान्यात आपल्याच लोकांनी बनवलेली गाडी. २०२३ च्या फेब्रुवारीत मुंबईहून सोलापूरला आणि शिर्डीला सुरू झाली. सोलापूरच्या गाडीने मी कुर्डूवाडीला जाऊन आलो. खिडकी मोठी, खुर्ची मऊ, दारं आपोआप बंद. उगाच नावं ठेवणार नाही, मला फार आवडली. आपल्या दुसऱ्या मजल्याची महिला मंडळी शिर्डीला जाऊन आली, त्यांनाही आवडली.

पण तिकिटावरची एक ओळ मी नेहमी वाचतो. प्रवासाच्या खर्चाचे सरासरी ५७ टक्केच रेल्वे वसूल करते, असं काही वर्षांपूर्वीपासून तिकिटावर छापायला सुरुवात झाली. उरलेले त्रेचाळीस कोण देतं? मालगाडी देते. रेल्वेच्या वाहतूक उत्पन्नात शंभरातले साठ-पासष्ट रुपये मालवाहतुकीचे, त्यातही कोळसा सर्वांत मोठा. म्हणजे विजेच्या बिलातून, सिमेंटच्या गोणीतून, आपण सगळेच प्रवाशाची तूट भरतो. जो कधी गाडीत बसत नाही तोही भरतो. ज्येष्ठ नागरिकांची सवलत, पुरुषांना चाळीस आणि बायकांना पन्नास टक्के, ती मार्च २०२० मध्ये थांबली ती अजून थांबलेलीच आहे. खरं सांगतो, मला पेन्शन आहे, मला ती नसली तरी चालेल. माझ्या बार्शीच्या चुलतभावाला पेन्शन नाही, त्याला चालत नाही. करोनानंतर साध्या पॅसेंजर गाड्यांना 'एक्स्प्रेस स्पेशल' म्हणायला लागले आणि कमीत कमी तिकीट दहाचं तीस रुपये झालं. गाडी तीच, वेग तोच. २०२४ मध्ये ते परत दहावर आणलं, ते बरं झालं. पण मधली चार वर्षं ते वरचे वीस रुपये कोण देत होतं, तर बाजाराला भाजी घेऊन जाणारी बाई.

अमृत भारत नावाच्या बिनएसी गाड्या २०२३ च्या डिसेंबरात सुरू झाल्या. बावीस डबे, पुढे-मागे इंजिन. वंदे भारतच्या मानाने त्यांची बातमी लहान छापून येते. मला त्या गाड्यांचं जास्त अप्रूप आहे.

आणि आपली लोकल. गेल्या ९ जूनला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांतली दाराशी लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली आणि त्यातली काही गेली. त्या दिवशी सोसायटीतल्या प्रत्येक घरातून फोन लागत होते. साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं आता ठरलं आहे. ती लवकर येवोत, आणि आत हवा खेळेल अशी येवोत. यावर जास्त बोलत नाही.

आता शेवटचा मुद्दा. हा मी कमिटीला आधी सांगितलेला नाही, त्याबद्दल माफी.

आपला रात्रपाळीचा वॉचमन गोरखपूरच्या बाजूचा आहे. सोळा वर्षं आपल्याकडे आहे. परवा लिफ्ट बंद होती म्हणून खाली बसलो होतो, तेव्हा सहज विचारलं, गावाला कसा जातोस? म्हणाला, "जनरलमधून, साहेब." तीस तासांहून जास्त प्रवास. भुसावळपर्यंत उभं राहायचं, इटारसीनंतर कुठेतरी खाली टेकायला मिळतं. म्हटलं, अरे, स्लीपरचं रिझर्व्हेशन का करत नाहीस? पैसे नाहीत का? म्हणाला, "पैसे आहेत साहेब. पण सुट्टी कधी मिळणार ते आठ दिवस आधी कळतं. तेव्हा वेटिंग दोनशेच्या वर असतं."

मी घरी येऊन जुनी मिनिट बुकं काढली. मी सहा वर्षं खजिनदार होतो, ती बुकं माझ्याकडे अजून आहेत. त्याच्या सुट्टीचा अर्ज दरवेळी महिन्याच्या सभेत 'आयत्या वेळचे विषय' मध्ये आलेला आहे. एकदा तर पुढच्या सभेवर ढकललेला आहे. खाली सही माझी. मघापासून मी लंडनच्या भागधारकांना बोल लावतो आहे, आणि सोळा वर्षं एका माणसाला तिसऱ्या वर्गात कोणी बसवलं ते माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे.

रिझर्व्हेशन आता साठ दिवस आधी उघडतं. पूर्वी एकशेवीस होते, २०२४ च्या नोव्हेंबरपासून साठ. त्याच्या मुलीचं लग्न मे महिन्यात आहे. त्याला ४ मे ला निघायचं आहे. म्हणजे बुकिंग उघडतं ५ मार्चला सकाळी आठ वाजता, धुळवडीच्या लगेच पुढे. तेव्हा त्याची सुट्टी फेब्रुवारीच्या सभेत मंजूर व्हायला हवी, येण्या-जाण्याच्या तारखांसकट, आणि त्याच्या जागी पंधरा-वीस दिवस कोण ते आत्ताच ठरायला हवं. एजन्सीचा बदली माणूस घेतला तर मेंटेनन्समध्ये प्रत्येक घराला किती पडेल ते मी काढलं आहे. एका वडापावाच्या आत बसतं.

माझ्या आयआरसीटीसीच्या खात्याला आधार जोडलेलं आहे. ५ मार्चला सकाळी पावणेआठ वाजता तो माझ्याकडे चहाला येणार आहे. लोअर बर्थ मागू असं त्याला म्हटलं, तर म्हणाला, "नको साहेब, वरचाच घ्या. खालच्यावर दिवसा सगळे येऊन बसतात."

अर्ज मी लिहून आणला आहे, त्याची सही घेतली आहे. सेक्रेटरी साहेब, हा घ्या.